पात्यांखालचे सरडे

मंडळी, ठोसेघरचा धबधबा बघून झाला की गाडी पुढे चाळकेवाडीच्या पठारावर न्यायची, पवनचक्कीखाली फोटो काढायचे आणि परतायचं, हा आता साताऱ्याच्या सहलीचा ठरलेला क्रम झालाय. मला आज त्या फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय. तिथे जमिनीवर एक सरडा असतो, आणि पवनचक्क्यांनी निसर्गाचं काय केलं हे त्याच्याइतकं नीट मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

चाळकेवाडीचं पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. माती बोटभर, झाड जवळपास नाहीच, आणि वारा मात्र भरपूर. म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून इथे आणि पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवड्याला, कोयनेच्या जलाशयावरच्या डोंगरांवर, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सरकारी कागदात असा सडा ‘पडीक’ असतो. खरं तर पावसाळ्यात याच पडीक जमिनीवर गेंद, सीतेची आसवं, वायतुरा फुलतात. वायतुरा तर साताऱ्याकडच्या सड्यांखेरीज जगात फारसा कुठे सापडत नाही.

आता सरडा. शास्त्रीय नाव सारडा सुपर्बा. विणीच्या दिवसांत नर एखाद्या उंच दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. उघडा सडा, भर ऊन आणि असा भडक रंग. मादीला तो दिसतो तसाच वरून फिरणाऱ्या कापशी या शिकारी घारीलाही दिसतो. दिमाख दाखवायचा तर जिवाची जोखीम घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच परिसरात पवनचक्क्या असलेली आणि नसलेली ठिकाणं शेजारीशेजारी ठेवून तपासली. 2018 साली त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. मांजर गेल्यावर उंदरांचं जे होतं तेच झालं, सरडे वाढले. नुसते वाढले नाहीत, निर्धास्तही झाले. माणूस अगदी जवळ आला तरी हलेनात. रक्त तपासलं तर ताण आला की वाढणारं संप्रेरक कमी.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग सरड्यांचं भलंच झालं की! थांबा. गर्दी वाढली की खाणं वाटून घ्यावं लागतं. हे सरडे अंगानं कमी भरलेले निघाले आणि नरांच्या गळ्यावरचा निळा-नारिंगी रंग फिका पडलेला होता. संशोधकांचा निष्कर्ष असा, की अन्नसाखळीत सगळ्यात वरच्या शिकाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक पायरी चढली आहे, आणि ती पवनचक्कीची.

आपण मात्र हिशेब कसा मांडतो? पात्याला धडकून किती पक्षी मेले, बस. ते मोजायलाच हवेत. पण जो पक्षी तिथे यायचाच बंद झाला, त्याचा मृतदेह मिळणार कुठून?

दुसरी गोष्ट रस्त्यांची. एवढी लांब पाती आणि क्रेन वर न्यायची म्हणजे घाट फोडून रुंद रस्ता काढावा लागतो, आणि राडारोडा उतारावर ढकलला जातो. भीमाशंकर अभयारण्याला लागूनच्या डोंगरांवर असं काम झालं, त्याची दखल पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीनं 2011 च्या अहवालात घेतली आहे. तिथलं जंगल शेकरूचं.

एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगतो. पवनचक्क्या पाऊस पळवतात का? नाही. पावसाळ्यात सड्यावर धुकं पात्यांना लागतं, त्यामुळे तसं वाटणं मी समजू शकतो. पण सरी देणारे ढग काही किलोमीटर उंच वाढतात, पातं फार तर काहीशे मीटरपर्यंत पोचतं. या अफवेवर आपण इतका वेळ घालवला की खरे प्रश्न बाजूलाच राहिले.

मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्याला विचारा कोळसा म्हणजे काय. पण केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार पवनऊर्जा प्रकल्पाला पर्यावरण परिणामांचा अभ्यास करून मंजुरी घ्यावी लागत नाही. ‘हरित’ म्हटलं की तपासणीच माफ! चाळकेवाडीला पवनचक्क्या येण्याआधी किती कापशी होत्या, हे कुणी मोजून ठेवलेलं असतं तर शेजारच्या रिकाम्या सड्याशी तुलना करत बसावं लागलं नसतं.

आता जुन्या, लहान पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी मोजक्या पण मोठ्या बसवण्याचं धोरण आलंय. 2016 मध्ये पहिलं, 2023 मध्ये सुधारलेलं. साताऱ्यात तसं होणार असेल तर कंत्राट देण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, तिन्ही ऋतूंत, शिकारी पक्षी आणि सरडे मोजून घ्यावेत. नवा रस्ता काढायचा नाही, जुनाच वापरायचा. आणि जुन्या पवनचक्क्यांचा काँक्रीटचा पाया कोण उकरणार, त्या जागेवर काय करणार, हे करारातच लिहून घ्यायचं. ग्रामसभेत हे तीन मुद्दे मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.