सर्जनचा अनुभव आणि सर्जनचा दावा

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांना मी भोंदू म्हणणार नाही. आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये घालवलेला सर्जन डोळ्यांसमोर आणा. अपरात्री बोलावणं आलं की उठून जाणारा. त्याच्या हातून बरे झालेले लोक आजही त्याचं नाव आदरानं घेतात. असा माणूस निवृत्त होतो आणि एके दिवशी व्यासपीठावरून सांगू लागतो, की कोलेस्टेरॉलची भीती खोटी आहे, कर्करोग नुसत्या आहारानं जातो, लसींनी मुलं आजारी पडतात, मधुमेहाची औषधं बंद करा. वैद्यकशास्त्रानं हे दावे तपासून नाकारले आहेत. तरी ऐकणाऱ्याची पंचाईत होते. एवढा मोठा डॉक्टर उगाच कशाला बोलेल?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. बहुतेक वेळा तो उगाच बोलत नसतोच, त्याला ते मनापासून पटलेलं असतं. ते कसं पटतं हे समजून घ्यायचं, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये जावं लागेल.

सर विल्यम आर्बथनॉट लेन, जन्म 1856, गायज हॉस्पिटलचे सर्जन. मोडलेलं हाड आतून स्क्रू आणि धातूची पट्टी लावून जोडण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. जखम चिघळेल या भीतीनं अशा ऑपरेशनला सहसा कोणी धजत नसे. लेननी शिस्त घातली: जखमेला हाताचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही, सगळं काम लांब दांड्याच्या हत्यारांनी करायचं. या शिस्तीमुळे किती हात-पाय वाचले असतील! इथपर्यंत लेन यांच्याविषयी आदरच वाटतो.

मग त्यांचं लक्ष मोठ्या आतड्याकडे वळलं. पोटात मळ साठून राहिला की त्याचं विष रक्तात भिनतं आणि त्यातून थकवा, डोकेदुखी, सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत काहीही होतं, ही कल्पना त्या काळात चांगलीच पसरलेली होती. 1908 साली नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ मेचनिकॉफसुद्धा मोठं आतडं माणसाला अपायकारक मानत. लेन त्या कल्पनेवर ऑपरेशन करू लागले. रुग्णाला नुसती जुनी बद्धकोष्ठता असली, तरी आधी आतड्याचा रस्ता वळवून देत आणि पुढे पुढे मोठं आतडंच काढून टाकत. काही रुग्ण दगावले. बरेच जण मात्र बरं वाटतं म्हणाले. शिवाय पोट उघडल्यावर लेनना आतड्याला पडलेल्या मुरडी दिसत, चिकटलेले पडदे दिसत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं कोण नाकारेल?

उत्तर वेगळ्याच दिशेनं आलं. 1919 साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरनं एका साध्या गोष्टीवर बोट ठेवलं. पोट साफ झाल्याबरोबर जड डोकं हलकं होतं. रक्तात खरोखर विष भिनलं असतं, तर ते उतरायला वेळ लागला असता. म्हणजे हा त्रास ताणलेल्या आतड्यातून मज्जातंतूंमार्फत होत असणार. पुढे निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिलं, तर तशीच डोकेदुखी आणि तशीच मरगळ आली, आणि कापूस काढल्यावर ती गेली. कापसात कुठलं आलंय विष?

लेन मागे हटले नाहीत. हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर 1925 मध्ये त्यांनी न्यू हेल्थ सोसायटी स्थापन केली, वर्तमानपत्रांत लिहिलं, व्याख्यानं दिली. डॉक्टरनं आपल्या नावानं लोकांसाठी असं लिहिणं म्हणजे जाहिरात, असा तेव्हाचा नियम होता. त्याचा अडसर नको म्हणून 1933 मध्ये त्यांनी डॉक्टरांच्या अधिकृत नोंदवहीतून स्वतःचं नाव काढून घेतलं. भाज्या-फळं खा, कोंड्यासकट धान्य खा, उन्हात फिरा, व्यायाम करा, हे त्यांचं सांगणं आजचा कुठलाही डॉक्टर मान्य करील. आणि मला सर्वांत धोक्याची जागा हीच वाटते. चार खऱ्या गोष्टींच्या सोबतीनं पाचवी खोटी गोष्ट घरात शिरते, आणि तिला कोणी अडवत नाही.

आता निवृत्तीनंतर नेमकं काय बदलतं ते पाहू. नोकरीत असताना सर्जनच्या भोवती त्याला खोटं ठरवू शकणारी माणसं असतात. अपेंडिक्स सुजलंय म्हणून तो काढतो, आणि चार दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा कागद येतो की अपेंडिक्स निरोगी होतं. भूल देणारा डॉक्टर टेबलापाशीच म्हणतो, थांबा, नाडी बिघडतेय. एखादा रुग्ण दगावला तर हॉस्पिटलात बैठक बसते आणि कनिष्ठ डॉक्टरांसमोर सांगावं लागतं की कुठं चुकलं. अभिमानी माणसालाही ही व्यवस्था जमिनीवर ठेवते. निवृत्तीनंतर पॅथॉलॉजीचा कागद येत नाही, बैठक बसत नाही, समोर फक्त टाळ्या वाजवणारे लोक उरतात. ज्यांना गुण आला ते पत्रं लिहितात, भेटायला येतात. ज्यांना आला नाही ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, नाहीतर जगातूनच जातात. त्यांची पत्रं कशी येणार?

दुसरी गोष्ट सर्जनच्या कामातच दडलेली आहे. आतड्याला पडलेला पीळ त्यानं सोडवला की रुग्ण वाचतो. कारण आणि परिणाम एकाच टेबलावर दिसतात, तिथं त्याच्या अनुभवाला तोड नाही. पण कमी-जास्त होणारं दुखणं, वर्षानुवर्षं सरकत जाणारा आजार, यांच्यात हा अनुभव दगा देतो. आणि तो ऑपरेशनच्या बाबतीतसुद्धा दगा देतो! 1950 च्या दशकात हृदयशूळावर एक ऑपरेशन बरंच केलं जाई. छातीच्या आतल्या बाजूनं जाणारी धमनी बांधून टाकायची, म्हणजे हृदयाकडे जास्त रक्त वळेल, असा त्यामागचा विचार. रुग्णांना आराम पडे, सर्जन समाधानी असत. 1959 मध्ये अमेरिकेत 17 रुग्णांवर तपासणी झाली. आठ जणांची धमनी बांधली, नऊ जणांच्या छातीवर नुसती चीर देऊन ती शिवून टाकली. आराम दोन्हीकडे सारखाच! पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटालाही तेच आढळलं, आणि ते ऑपरेशन बंद पडलं. 2002 साली झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई करण्याच्या ऑपरेशनची 180 रुग्णांवर अशीच परीक्षा झाली. दोन वर्षं लक्ष ठेवलं, तरी नुसत्या चिरेपेक्षा सफाई सरस ठरली नाही. रुग्ण खोटं बोलत नव्हते आणि सर्जनही फसवत नव्हते. तुलना होईपर्यंत खरं काय ते दोघांनाही कळायला मार्ग नव्हता, इतकंच.

युअन कॅमरॉन हे स्कॉटिश सर्जन असेच सज्जन आणि कळकळीचे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना ते रोज 10 ग्रॅम क जीवनसत्त्व देऊ लागले. त्यांना साथ मिळाली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांची, ज्यांच्या नावावर दोन नोबेल होती. 1976 मध्ये दोघांनी जाहीर केलं, की असे 100 रुग्ण सरासरी 210 दिवसांहून जास्त जगले, आणि जुन्या नोंदींतून निवडलेले तशाच आजाराचे 1,000 रुग्ण सरासरी 50 दिवस. आकडे पाहून कुणालाही भरून येईल. पण गोम तुलनेत होती. 'आता इलाज संपले' असा शिक्का एका रुग्णावर लवकर बसतो, दुसऱ्यावर उशिरा. ज्याच्यावर लवकर बसतो तो त्या दिवसापासून मोजलं तर जास्त जगलेला दिसणारच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या नामांकित रुग्णालयानं 1979 आणि 1985 मध्ये दोनदा नीट चाचणी केली. कुणाला जीवनसत्त्व आणि कुणाला तशीच दिसणारी गोळी, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. फायदा दिसला नाही. पॉलिंग यांनी ते अखेरपर्यंत मानलं नाही. दोन नोबेल गाठीशी असलेल्या माणसाची ही गत होते, तिथं पदवीवर किती विसंबायचं?

यावर हमखास हंगेरीचे डॉक्टर सेमेलवाइस यांचं नाव पुढे येतं. त्यांनाही तर वेड्यात काढलं होतं! काढलं होतं, खरं आहे. पण 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, आणि एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे अठरा बाळंतिणी मरत होत्या, तिथं जूनमध्ये दोनच्या आसपास मरू लागल्या. शेजारच्याच वॉर्डातले आकडे तुलनेला हजर होते. डेनिस बर्किट हे सर्जनही आठवतात. आफ्रिकेत मुलांच्या जबड्याला होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन त्यांनी 1958 मध्ये केलं, आणि नंतरच्या आयुष्यात आहारातल्या चोथ्याचं, म्हणजे फायबरचं, महत्त्व हिरिरीनं मांडलं. शास्त्रानं त्यांचे दावे एकेक करून तपासले. बद्धकोष्ठतेवरचा टिकला. मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होण्याचं प्रमाण चोथ्यानं कमी होतं का, हे 2000 साली दोन मोठ्या चाचण्यांत पाहिलं, तर तसं दिसलं नाही. एकाच माणसाचं एक म्हणणं उभं राहिलं आणि दुसरं पडलं, आणि त्यानं बर्किट यांची थोरवी उणावली नाही.

म्हणून निवृत्त सर्जनचं बोलणं ऐकायला गेलात तर जरूर प्रश्न विचारा. तुम्ही किती लोकांना हा उपाय दिला? त्यांतल्या किती जणांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे? उपाय न घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना कुणी केली, आणि ती करणाऱ्याचा उपाय विकण्यात काही लाभ होता का? घरातले वडीलधारे त्यांच्या भजनी लागले असतील तर वाद घालू नका. वादात माणूस आणखी घट्ट धरून बसतो. पालेभाज्या, चालणं, वेळेवर झोप, यांत तुम्हीही सामील व्हा.

फक्त औषधाच्या डब्याला हात लावू देऊ नका. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबवलं की दिवसा-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. फिटचं औषध एकाएकी सोडलं तर फिट थांबता थांबत नाही, असं होऊ शकतं. हृदयात स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानं बंद केली, तर स्टेंट गुठळीनं बुजू शकतो. व्याख्यानातून उठून आलेला माणूस उत्साहात असतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला औषधाविना छान वाटतं, कारण रक्तदाब किंवा साखर वाढलेली असली तरी लगेच जाणवत नाही. तेव्हा त्याला म्हणा, चला, तुमचा हा विचार आपण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवू, आणि ते म्हणाले तर त्यांच्या देखरेखीखाली डोस कमी करून पाहू. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, तर टाइप 2 च्या काही रुग्णांच्या गोळ्या खरोखर कमी होतात. त्यासाठी रक्ताची तपासणी लागते आणि पुढची तारीख लागते.

नमस्कार.