आत्याच्या ओव्या आणि हरवलेला फॉन्ट

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय "रोजच्या वापरातल्या संगणकाच्या युक्त्या" असा छापलाय आणि त्या मी सांगणार आहेच. पण त्याआधी मला एक गोष्ट बोलायची आहे. ती माझ्या मनात बरीच वर्षं आहे आणि इथे समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत ती या ना त्या रूपात घडलेली असणार. कुणाच्या वडिलांच्या कविता, कुणाची घराण्याची वंशावळ, कुणाचा प्रबंध, कुणाच्या सोसायटीची जुनी इतिवृत्तं. सगळं मराठीत, १९९५ ते २००५ च्या आसपास टाइप केलेलं, आणि आज उघडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. हात वर करू नका, माना हलल्या त्या दिसल्या मला.

माझ्या आत्याने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. स्वतःच्या आईच्या, सासूच्या, शेजारणींच्या. सगळं आयुष्य वह्यांमध्ये लिहीत होती. १९९८ मध्ये तिने स्वतःच्या पेन्शनीतून एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या. मुलगा कामसू होता, शुद्धलेखनाचा पक्का. फाइल फ्लॉपीवर मिळाली, पुढे आम्ही ती सीडीवर घेतली. मूळ वह्या मात्र एका पावसाळ्यात पोटमाळ्यावर भिजल्या आणि शाई पसरून गेली. तेव्हा आत्या म्हणाली, "असू दे, काँप्युटरमध्ये आहेत ना."

२००९ मध्ये एका संस्थेने तिच्याकडे ओव्या मागितल्या, छापू म्हणाले. आम्ही फाइल पाठवली. आठवड्याने उत्तर आलं: फाइल करप्ट आहे, पुन्हा टाइप करून पाठवा. एका ओळीचं उत्तर. त्यांनी कुणाला विचारलं नाही, फाइल कशात केलीय ते पाहिलं नाही. करप्ट म्हणाले आणि मोकळे झाले. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने दोनशे पानी वही आणली आणि आठवून आठवून पुन्हा लिहायला बसली. आठशे अकरा ओव्यांपैकी दोनशे बारापर्यंत पोचली आणि थांबली. म्हणाली, आता चाल आठवते, शब्द येत नाहीत.

मला आजही राग येतो तो त्या "करप्ट" शब्दाचा. कारण फाइल धडधाकट होती. तिच्यातलं एक अक्षरही हललेलं नव्हतं.

हे मला कळलं २०१२ मध्ये, एका दुपारी, नुसतं त्या कचऱ्याकडे बघत बसलो असताना. कचरा होता, पण त्याला आकार होता. ओळी ओवीएवढ्या लांबीच्या होत्या. दर ओवीच्या शेवटी तेच एक चिन्ह दोनदा येत होतं. आणि त्यानंतर आकडे होते. ते वेगळ्या फॉन्टात टाइप झाले असावेत, म्हणून शाबूत होते: १, २, ३ असे थेट ८११ पर्यंत, एकही न गळता. मी स्वतःशी म्हटलं, खराब झालेल्या फाइलीत आकडे क्रमाने कसे येतील? मग मजकुरावर क्लिक केलं आणि वर्डमध्ये वरच्या पट्टीत फॉन्टच्या नावाची जी चौकट असते तिच्याकडे पाहिलं. तिथे एक नाव होतं. तो फॉन्ट माझ्या संगणकात नव्हताच. पण वर्ड ते नाव लक्षात ठेवतो. फॉन्ट गेला तरी नाव राहतं. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या: जुन्या फाइलीत गचाळ अक्षरं दिसली की आधी मजकुरावर क्लिक करून ती चौकट वाचा आणि ते नाव कागदावर लिहून ठेवा.

आता असं होतं का, ते सांगतो. संगणक अक्षरं साठवत नाही, क्रमांक साठवतो. इंग्रजी मोठा एच म्हणजे ७२. जुन्या काळी एका फॉन्टात फार तर २५६ जागा असत आणि मराठीसाठी वेगळे क्रमांक रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅमना ठाऊक नव्हते. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली. क्रमांक इंग्रजीचेच ठेवले आणि त्या जागी चित्रं मराठीची बसवली. संगणकाला वाटतं एच लिहिलंय, आपल्याला दिसतो अर्धा भ.

हिंदीत फार चाललेल्या कृतिदेव फॉन्टाचं उदाहरण घ्या. त्यात "भारत" हा शब्द साठतो एच, के, के, जे, आर असा. एच म्हणजे अर्धा भ. के म्हणजे उभा दंड, तो लागला की भ पूर्ण झाला. पुन्हा तोच दंड, की झाला भा. मग जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. एकच दांडी एकदा अक्षर पुरं करते आणि एकदा काना होते. हे टाइपरायटरचं डोकं आहे, कागदावर ठसा उमटवण्याचं. कागदासाठी ते उत्तम होतं, मी त्या फॉन्टांना नावं ठेवणार नाही. दहा-पंधरा वर्षं मराठीतली पुस्तकं, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं त्यांच्या जिवावर निघाली. अडचण एवढीच की प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापली वाटणी केली. एकाच्या एचवर भ, तर दुसऱ्याच्या एचवर आणखी काही. म्हणून एका मराठी फॉन्टातली फाइल दुसऱ्या मराठी फॉन्टातही वाचता येत नाही.

याचा इलाज भारतात लवकर सुरू झाला होता, हे आपण विसरतो. भारतीय भाषांसाठी इस्की नावाची समान क्रमांकपद्धत १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. संगणकावर भारतीय लिप्या आणणारं जिस्ट हे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये उगवलं आणि पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. १९९१ मध्येच युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच समान क्रमांकपद्धतीची, पहिली आवृत्ती आली, आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा मिळाला. क म्हणजे २३२५. जगातल्या कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फोनवर, २३२५ म्हणजे क. फॉन्ट बदला, क चं रूप बदलेल, पण क राहील. विंडोज २००० बरोबर देवनागरी युनिकोड घरोघरच्या संगणकात यायला लागलं आणि त्यात मंगल हा फॉन्ट होता. मंगल आखला तो र. कृ. जोशी यांनी, आपल्या मराठीतल्या थोर सुलेखनकाराने. पुढे विंडोज एक्सपीमध्ये मराठी दिसायला एका चौकटीत टिक करून सीडी घालावी लागे, ते इथल्या काहींना आठवत असेल. ती टिक कुणी सांगितली नाही म्हणून किती जण जुन्या फॉन्टांतच राहिले असतील!

तर आत्याच्या ओव्या. फॉन्टाचं नाव कळल्यावर त्याचा कन्व्हर्टर शोधला. कन्व्हर्टर म्हणजे जुन्या क्रमांकांवरून युनिकोडचे क्रमांक लिहून देणारा छोटा प्रोग्रॅम. फाइल घातली आणि पडद्यावर पहिली ओवी आली. मी लगेच आत्याला फोन लावला आणि वाचून दाखवली. पलीकडून तिने दुसरी ओळ माझ्याआधी म्हटली.

पण काम तिथे संपलं नाही, आणि हा भाग नीट ऐका, कारण तुमचीही गाडी इथेच अडणार आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डाव्या हाताला दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचं उलट. "कर्म" शब्दात जुन्या फॉन्टाने रफार शेवटी डोक्यावर ठेवलेला असतो, युनिकोडला र आधी लागतो. कन्व्हर्टर ही उलथापालथ करतो, बहुतेक वेळा बरोबर करतो. चुकतो तो कुठे? आपल्या खास मराठी जागी. हिंदीचं बघून केलेल्या कन्व्हर्टरला आपला आडवा र ठाऊकच नसतो. आत्याच्या ओव्यांत पंढरीच्या वाऱ्या होत्या, त्या सगळ्या "वार्या" झाल्या. पायऱ्यांच्या "पायर्या" झाल्या. तुम्ही म्हणाल, कळतं की. नेहमी नाही कळत. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. "आचार्यांना दक्षिणा दिली" आणि "आचाऱ्यांना दक्षिणा दिली" यांत पैसे वेगवेगळ्या माणसांच्या हातात पडतात! युनिकोडमध्ये या आडव्या र साठी ऱ हे वेगळं अक्षर आहे. ते टाइप करून पुढे हलन्त आणि य दिला की दऱ्या बिनचूक उमटतात. मी आठशे अकरा ओव्या हाताने तपासल्या, आत्या शेजारी बसून. त्यांतल्या कितीतरी ती विसरून गेली होती. "ही मावशीची गं," असं ती मधेच म्हणायची, माझ्याकडे न बघता.

संयोजक घड्याळ दाखवतायत. किती? बारा मिनिटं? बरं. मग युक्त्या भरभर घेतो.

बिघडलेली मराठी चार तऱ्हांनी दिसते आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. साधी इंग्रजी अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट आहे, मजकूर वाचवता येतो. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर पूर्ण ठीक आहे, तुमच्याकडे देवनागरीचा फॉन्ट नाही, नोटो देवनागरी हा मोफत फॉन्ट घाला. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसला तर युनिकोडची फाइल चुकीच्या पद्धतीने उघडली आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरात साठवलेला तक्ता, उघडताना हे हमखास होतं. तेव्हा फाइलवर थेट डबलक्लिक न करता डेटा या टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा, ती युनिकोड साठवायची पद्धत आहे. आणि चौथी, ओळभर प्रश्नचिन्हं. ती फाइल गेली. तिथे अक्षराच्या जागी खरोखर प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय या युनिकोडआधीच्या पद्धतीने सेव्ह केलं की असं होई. २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. असा मजकूर परत मिळवायचा तर दुसरी प्रत शोधा, दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

टाइप करायला शिकायचं तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी शिका, माझं ठाम मत आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. "कमल" म्हणजे के, सी, एन. ळ साठी शिफ्ट आणि एन, ऱ साठी शिफ्ट आणि जे. गुजराती, बंगाली, कन्नड यांतही क त्याच बटणावर असतो. ज्यांना रोमन अक्षरांतूनच लिहायचंय त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे, तोही युनिकोडच लिहितो, माझी हरकत नाही.

शोधताना एखादा शब्द सापडला नाही तर "ॲ" तपासा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणून "ॲप" दोन्ही तऱ्हांनी शोधा. नावांची यादी लावताना ळ ल च्या लगेच मागे येऊन बसला तरी गोंधळू नका. क्रमांकांत तो तिथेच आहे, ल २३५४ आणि ळ २३५५. आपल्या वर्णमालेतला ह नंतरचा ळ त्या यादीत आणायचा तर मराठी क्रम जाणणारं सॉफ्टवेअर लागतं. जोडाक्षर चुकलं तर बॅकस्पेस एकेक तुकडा खोडतो आणि शब्दाआधी कर्सर ठेवून डिलीट दाबलं तर बहुतेक ठिकाणी अख्खं जोडाक्षर जातं. हो, आणि एसएमएस. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

पीडीएफ कुणाकडून घेताना त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. मराठी उमटलं तर मजकूर खरा. नाही उमटलं तर मूळ फाइलही मागून घ्या, लाजू नका, पैसे तुम्ही दिलेत. खाजगी कागदपत्रं मात्र अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकू नका, संगणकावर उतरवून चालणारा कन्व्हर्टर वापरा.

बातम्यांपैकी एकच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक चालतच राहील, पण वाढीव मुदतीच्या योजनेत नाव घातलं नसेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. नवा संगणक घ्याल तेव्हा जुना भंगारात देण्याआधी त्याच्यातला फॉन्टचा फोल्डर कॉपी करून घ्या. विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स या नावानेच असतो. तुमच्या घरच्या जुन्या फाइलींची किल्ली बहुधा त्यातच पडलेली आहे.

आणि कुणी जुनी फाइल पेनड्राइव्हवर आणली असेल तर कार्यक्रमानंतर मी इथे मागच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसणार आहे. फॉन्टचं नाव तरी आज शोधून ठेवू. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांना आधी माइक द्या.