अल्गोडोनेसच्या वाळूतली ओल

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेपर्यंत पोचलेला हा वाळूचा पट्टा. लांबी सुमारे 65 किलोमीटर, रुंदी जेमतेम 8. काही टेकड्या 90 मीटरपर्यंत चढतात. कोलोरॅडो नदीच्या पाण्याने इथे पूर्वी काहुइया नावाचं अफाट सरोवर भरायचं. ते आटलं, त्याच्या किनाऱ्याची वाळू वाऱ्याने लोटत आणली आणि अल्गोडोनेसचे हे डोंगर उभे राहिले. सरकारदरबारी याचं नाव इंपिरियल सँड ड्यून्स रिक्रिएशन एरिया.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, इथे लाखाच्या वर माणसं येतात. ड्यून बग्ग्या, म्हणजे वाळूवर पळवायच्या उघड्या गाड्या, आणि मोटारसायकली घेऊन. त्यांना दिसते ती मोकळी, रिकामी वाळू. ती रिकामी नाही, आणि हे पाहायचं तर खाली वाकावं लागतं.

वरची कोरडी वाळू हाताने बाजूला करा. थोडं खणलं की ओल लागते. वर्षाला 10 सेंटिमीटरही पाऊस नाही, पण पडेल ते पाणी वाळू झटकन पिते आणि वरचा सुका थर ते उडू देत नाही. इथलं सगळं झाडझुडूप या ओलीवर जगतं.

ही चंदेरी पानांची, जांभळ्या फुलांची वनस्पती म्हणजे पियरसन्स मिल्कव्हेच. आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातली. अमेरिकेत ती फक्त याच वाळूत उगवते. बी टपोरं, त्यामुळे अंकुराला वाळूच्या जाड थरातूनही वर यायचं बळ मिळतं. शेंगा फुगीर आणि हलक्या. वारा त्या घरंगळत नेतो. 1998 पासून तिला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते लागतंच. कारण थंडीतल्या पावसावर तिचे अंकुर फुटतात, नेमके गाड्यांच्या हंगामात. कोवळ्या रोपावरून चाक गेलं की त्याचं फुलणं संपलं.

आणि हे पाहा, वाळूत रुतलेली राखाडी चकती, तिच्यावर बारीक जांभळी फुलं. हे सँड फूड. याला हिरवा रंगच नाही. याचा देठ वाळूत खोल उतरतो आणि दुसऱ्या झुडपाच्या मुळाला चिकटून त्याचा रस घेतो. कोकोपा आणि ओओधम हे या मुलखातले मूळ रहिवासी हा रसाळ देठ खणून खात. पाणी नसलेल्या मुलखात केवढा आधार!

पट्ट्याला आडवा छेदतो तो हायवे 78. त्याच्या उत्तरेचा मोठा भाग 1994 च्या कायद्याने राखीव रान झाला. तिथे इंजिनाला बंदी. दक्षिणेला मात्र, मिल्कव्हेचसाठी राखलेल्या जागा सोडल्या, तर बहुतेक वाळू गाड्यांना मोकळी.

चाकाने रोप मोडतं, ते दिसतं तरी. आवाजाने होणारी हानी दिसत नाही. कांगारू रॅट हा उंदराएवढा प्राणी रात्री बिया गोळा करतो, पाणी न पिता जगतो. त्याचा वैरी साइडवाइंडर, आपल्या फुरशासारखा अंग तिरकं टाकत जाणारा विषारी साप. वाळूवरची त्याची हलकी खसखस ऐकूनच हा उंदीर जीव वाचवतो. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या उंदरांना ड्यून बग्गीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. त्यांचं ऐकणं इतकं मंदावलं, की साप अगदी अंगाशी येईपर्यंत त्यांना पत्ता लागेना. कान पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले. तेवढे दिवस त्या उंदराने रानात काय करायचं?

झालरीसारख्या खवल्यांच्या बोटांनी वाळूवर धावणारा आणि धोका दिसताच वाळूत बुडी मारणारा सरडाही याच रानातला.

पट्ट्याच्या पूर्वेला मात्र चक्क झाडी आहे. डोंगरावरून वाहत आलेलं पावसाचं पाणी वाळूच्या भिंतीशी अडतं आणि तिथे पालो व्हर्दे, आयर्नवुड वाढतात. याच भागात काउचेस स्पेडफूट नावाचे बेडूक जमिनीखाली महिनोन् महिने पडून असतात. उन्हाळ्यात ढग गडगडले, पाऊस कोसळला की ते वर येतात, डबक्यात अंडी घालतात. डबकं आटायच्या आत, कधी आठ-दहा दिवसांतच, पिल्लं तयार! त्याच प्रयोगांत मोटारसायकलच्या आवाजानेही हे बेडूक वर आले होते. वर पाऊस नव्हता. म्हणून निदान या झाडीपासून आणि राखीव रानाच्या कडेपासून इंजिनं लांब ठेवावीत, आणि उत्तरेच्या वाळूत फेब्रुवारी-मार्चमध्ये पायी जावं. पाऊस बरा झाला असेल, तर मिल्कव्हेच फुललेली असते.