स्प्रिंग कोणती बसवायची?

नमस्कार श्रोतेहो. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा सापडला, की कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक हमखास म्हणतात, ‘‘डॉक्टर, चांगल्यातली स्प्रिंग बसवा, पैशांचे आम्ही बघतो.’’ त्यामागची माया समजते. पण महाग तेच चांगले, हा साडीच्या दुकानातला हिशेब येथे चालत नाही.

आपण जिला स्प्रिंग म्हणतो, तो स्टेंट म्हणजे धातूची नळीसारखी जाळी. फुग्यावर आवळून बसवलेली असताना ती बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक दिसते. मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून ती हृदयापर्यंत नेतात आणि फुगा फुगवला, की ती उमलून वाहिनीच्या भिंतीला टेकते. फुगा बाहेर येतो, जाळी कायमची आत राहते.

1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसाच्या हृदयात प्रथम बसवलेले स्टेंट नुसत्या धातूचे होते. त्यांनी वाहिनी उघडी धरली खरी, पण जखम भरताना पेशी जाळीच्या आत वाढत आणि साधारण चार-पाच रुग्णांतील एकाची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. ही वाढ रोखणाऱ्या सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेला स्टेंट 2002 मध्ये युरोपच्या बाजारात आला. त्याने ती तक्रार पुष्कळ कमी केली. मात्र औषधामुळे जखम भरणेही लांबत असल्याने उघड्या राहिलेल्या धातूवर उशिरा रक्ताची गुठळी होण्याची नवी काळजी निर्माण झाली. आजचे एव्हरोलिमस किंवा झोटारोलिमस या तशाच औषधांचे स्टेंट बहुतांशी कोबाल्टच्या मिश्रधातूचे असतात. त्यांच्या तारा पूर्वीच्या सुमारे 140 मायक्रॉनवरून 80-90 मायक्रॉनवर, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीवर आल्या आहेत आणि गुठळीचा धोकाही घटला आहे. त्यांच्यातला कंपनीगणिक फरक रुग्णाने झोप उडवून घ्यावी इतका नाही.

विरघळणाऱ्या स्टेंटने आम्हा डॉक्टरांनाही भुरळ घातली होती. तो धातूच्या स्टेंटपेक्षा महाग होता. पण त्याच्या तारा जाड होत्या, गुठळ्यांचे प्रमाण अधिक निघाले आणि 2016 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अशा पहिल्या स्टेंटची विक्री 2017 मध्येच थांबली. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारत सरकारने औषधलेपित स्टेंटची किंमत कर वगळून 29,600 रुपयांवर बांधली. तोवर त्यासाठी लाखाच्या पुढे मोजणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पुढे ही मर्यादा वेळोवेळी बदलत गेली.

माझी खरी काळजी सुरू होते ती रुग्ण घरी गेल्यावर. ॲस्पिरिन आणि जोडीची क्लोपिडोग्रेलसारखी गोळी, या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या एकत्र सामान्यतः सहा महिने, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास वर्षभर घ्याव्या लागतात; रक्तस्रावाचा धोका पाहून ही मुदत डॉक्टर बदलतात. दाढ काढायची म्हणून किंवा उपवासात पोट जळते म्हणून रुग्ण स्वतःच त्या बंद करतो आणि मग कोणत्याही कंपनीचा स्टेंट गुठळीने बुजू शकतो. फाइलमध्ये स्टेंटचा व्यास, लांबी आणि क्रमांक छापलेला एक छोटा स्टिकर असतो. दंतवैद्याकडे जाताना ती फाइल घेऊन जा आणि गोळ्यांना हात लावण्याआधी त्यांना तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायला सांगा.