मोन्ते सांतोचे धनी

(दृश्य : जुने गोवे, पावसाळी सकाळ. टेकडीवर अर्धा उभा असलेला मनोरा.)

बॉम जेझू चर्चची गर्दी मागे टाकून पश्चिमेच्या चढाला लागलं की मोन्ते सांतो टेकडीवर ऑगस्टिनियन संन्याशांच्या चर्चचा हा मनोरा दिसतो. एकेकाळी तो ४६ मीटर उंच होता. आता निम्माच राहिलाय. चर्चची दर्शनी भिंत गेली आणि छतही गेलं. मराठी पर्यटक हे पाहून पहिल्यांदा संभाजी महाराजांची आठवण काढतो. त्याचंही बरोबर आहे, १६८३ साली महाराजांनी जवळचंच जुवे बेट गाठलं होतं. पण हे चर्च लढाईत पडलेलं नाही. इथल्या संन्याशांना घर सोडायला लावलं ते त्यांच्याच कॅथलिक राजसत्तेनं.

ऑगस्टिनियन संघाचे संन्यासी गोव्यात आले १५७२ मध्ये. १५९७ ते १६०२ या काळात त्यांनी हे ग्रासा मातेचं चर्च बांधलं. त्यात आठ छोटी प्रार्थनागृहं होती, चार वेद्या होत्या आणि शेजारी भलामोठा मठ. फरशीत बसवलेल्या कबरींच्या शिळा आजही वाचता येतात. ओलसर दगडावर पाणी ओतलं की अक्षरं उठून दिसतात, घराण्यांची मानचिन्हं दिसतात.

(दृश्य : शिळेवरची अक्षरं, जवळून.)

या संन्याशांविषयी हळहळताना जरा थांबावं लागतं. ते आले तेव्हा तिसवाडी, साष्टी, बार्देशातली देवळं पाडून झाली होती. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला गेला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. धर्मसंघांकडे जमिनी होत्या, पैसा होता, दरारा होता. म्हणजे इथं घर गमावणारे हे काही पहिले नव्हेत, आणि सगळ्यात गरीब तर नव्हेतच.

आता लिस्बनमध्ये काय चाललं होतं ते पाहू. राजघराण्यातले दोन भाऊ, दों पेद्रू आणि दों मिगेल, सिंहासनासाठी लढत होते. बरेच धर्मसंघ मिगेलच्या बाजूचे. मिगेल हरला. मे १८३४ मध्ये तह झाला आणि आठवडाही उलटला नाही तोच मंत्री ज्वाकीम आंतोनियु द आगियार याचा हुकूम निघाला : पुरुषांचे सगळे मठ बंद, मालमत्ता सरकारजमा. लोकांनी आगियारला ‘पाद्री मारणारा’ असं नावच ठेवलं.

भांडण तिकडचं होतं, तरी गोव्यातली कुलपं लागली. याचं कारण पाद्रुआदो. पोपशी झालेल्या जुन्या करारानं पूर्वेकडच्या चर्चचा खर्च पोर्तुगालचा राजा उचलायचा आणि बिशपही राजाच सुचवायचा. ज्याच्या तिजोरीवर चर्च चालतं त्याची सही चर्चला बंदही करू शकते. १७५९ मध्ये जेझुइट या धर्मसंघावर ही वेळ येऊन गेली होती. १८३५ मध्ये ऑगस्टिनियन, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, सगळ्यांची पाळी आली.

(दृश्य : जांभ्याची भिंत, भोकं, शेवाळ, पिंपळाची मुळं.)

पुढचं काम पावसानं केलं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जांभा चिऱ्यात कापताना मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो, पण अंगाला भोकं असतात. चुन्याचा गिलावा शाबूत असेपर्यंत भिंत दम धरते. गिलावा सुटला की पाणी आत जातं, पाठोपाठ शेवाळ येतं, मग पिंपळ. घराला माणूस नसला की शाकारणी कोण करणार, गिलावा कोण ओढणार? मठ रिकामा झाल्यावर सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला.

जुनं गोवं त्याआधीच ओस पडत आलं होतं. साथींनी माणसं गेली, राज्यकर्ते पणजीकडे सरकले, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. नव्या शहराला दगड हवा होता आणि जुन्या शहरात तो फुकट पडला होता.

ज्या वस्तूला दुसरा धनी मिळाला ती मात्र राहिली. या मनोऱ्यातली घंटा बघा. ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली. १८७१ मध्ये पणजीच्या पायऱ्यांवरच्या इमाक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आली. त्या चर्चचा फोटो काढणारे रोज तिचा फोटो काढत असतात, फक्त ती इथली हे त्यांना ठाऊक नसतं. घंटा अशाच फिरतात म्हणा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकराला पोचल्याच ना.

(दृश्य : मिलाग्रेस टेकडीवरचे अवशेष.)

त्याच हुकुमात आणखी एक संघ गेला आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं. परदेशी संघ गोंयकारांना सहसा आत घेत नसत. म्हणून १६८५ मध्ये गोंयकार पाद्रींनी मिलाग्रेस टेकडीवर आपला स्वतःचा संघ उभा केला, ऑरेटरी. बाणावलीत जन्मलेले पाद्री जुझे वाझ त्याचे अध्वर्यू. डच सत्तेनं कॅथलिकांना बंदी घातलेल्या सिलोनमध्ये ते वेषांतर करून गेले आणि १७११ मध्ये कँडीतच वारले. या लोकांचा ना पेद्रूशी संबंध ना मिगेलशी. तरी हुकूम सरसकट होता, त्यांचंही घर गेलं. टेकडीवरचा क्रूस से कॅथेड्रलमध्ये नेला, वास्तू पडली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संत घोषित केलं.

(दृश्य : पुन्हा मोन्ते सांतो. उत्खननाची जागा.)

ऑगस्टिनियनांनी मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र फार दूरच्या लोकांची होती. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान धर्म सोडायला तयार झाली नाही, म्हणून १६२४ मध्ये इराणात शिराझला तिला छळ करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियनांनी तिचे अवशेष गुपचूप काढले. १६२७ मध्ये त्यातले काही इथं आणून मठाच्या सभागृहात, खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवले. मठ कोसळला, पेटी ढिगाऱ्याखाली गेली. पोर्तुगीज कागदांतल्या वर्णनावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ती खिडकी हुडकली आणि २००४च्या सुमारास हाडं सापडली. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणूजीवशास्त्र संशोधन संस्थेनं डीएनए तपासला. त्यातला मातृवंश भारतीय नमुन्यांत मिळाला नाही, जॉर्जियन नमुन्यांत मिळाला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला.

(दृश्य : सांता मोनिका, जाड भिंती, आतलं अंगण.)

मनोऱ्यासमोरच सांता मोनिका. स्वतः ऑगस्टिनियन असलेल्या आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये हा स्त्रियांचा मठ सुरू केला. १६३६ मध्ये आग लागली, लगेच पुढच्या वर्षी नव्यानं बांधकाम सुरू झालं. मुली येताना हुंडा आणत. शहराचा पैसा या मठात जातोय अशी नगरसभेची राजाकडे तक्रारही गेली होती. गोव्याची बेबिंका याच मठातल्या सिस्टर बेबियाना यांनी पहिल्यांदा केली अशी आख्यायिका आहे. झग्यांना खळ करायला अंड्यातलं पांढरं वापरायचं, मग उरलेल्या बलकाचं करायचं काय, हा तिचा उगम म्हणे. खरं-खोटं बेबियानाच जाणे, पण हिशोब गृहिणीला पटेल असा आहे.

स्त्रियांना हुकुमानं बाहेर काढलं नाही. नवी मुलगी घ्यायची नाही, एवढीच अट घातली. पुरुषांना हाकललं त्यापेक्षा हे मला क्रूर वाटतं. १८३४ मध्ये विशीत असलेली सर्वांत धाकटी सिस्टर सत्तरीत पोचेपर्यंत तीच धाकटी राहणार. जेवणघरातलं एकेक ताट कमी होत जाणार. आजाऱ्याची सेवा करणारी स्वतःच आजारी. समोरच्या टेकडीवर छत पडताना त्यांनी पाहिलं असणार, मनोरा अजून शाबूत होता. शेवटची सिस्टर १८८५ मध्ये गेली.

पण ही इमारत टिकली, कारण तोवर तिच्यात कुणीतरी राहत होतं. १९६४ मध्ये तिथं मातेर देई संस्था सुरू झाली आणि वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर धर्मशास्त्र शिकायला येऊ लागल्या. मठाच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. मनोरा पाहायला आलात तर रस्ता ओलांडून तेही पाहा.