आधी सही, मग शब्द

[दृश्य: सकाळ. ऑस्टिन, वेस्ट कॅम्पस. पदपथावर मुलींची लांब रांग.]

ऑगस्टचा मध्य आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील परिसरात वर्ग सुरू व्हायला अजून काही दिवस आहेत, आणि सकाळीच डांबर तापू लागले आहे. रांगेतील बहुतेक मुलींच्या हातात बॅटरीवर चालणारे छोटे पंखे आहेत, छातीवर नावाच्या पट्ट्या आहेत, आणि चालण्याचे बूट पिशवीत टाकून उंच टाचेच्या चपला नुकत्याच पायांत चढल्या आहेत. समोरचे दार अद्याप बंद आहे.

[दृश्य: दार उघडते. चौकटभर चेहरे, टाळ्या, गाणे. मूळ आवाज काही क्षण तसाच ठेवावा.]

अमेरिकी महाविद्यालयांतील सोरॉरिटी या मुलींच्या संघटनेला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नाही. ते वसतिगृह आहे, पण केवळ वसतिगृह नाही. मंडळ आहे, पण वर्गणी भरून कोणालाही सभासद होता येईल असे मंडळ नाही. ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त विधी, एकमेकींना 'सिस्टर' म्हणण्याची रीत आणि आयुष्यभराचे सदस्यत्व असे या संस्थेचे स्वरूप आहे. सोरॉरिटीच्या निवडीसाठी या रांगेत उभी असलेली, फिकट निळ्या पोशाखातील मुलगी डॅलसजवळच्या उपनगरात वाढली आहे. तिचे आईवडील मूळचे पुण्याचे. तिच्या इच्छेनुसार या चित्रफितीत तिचे नाव घेतलेले नाही.

[दृश्य: वसतिगृहातील खोली. अभ्यासाच्या मेजावर गणपतीची छोटी मूर्ती, शेजारी केस सरळ करण्याचे यंत्र. आईशी फोन.]

"अगं, त्यात चर्चचं काही असतं का?" असे आई विचारते. "माहीत नाही गं आई, कुणी सांगतच नाही," असे उत्तर येते.

हे उत्तर टाळाटाळीचे नाही, आणि ते तसे का आहे हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

[दृश्य: जुनी छायाचित्रे. लांब झगे, उंच गळपट्ट्या, विटांच्या इमारती.]

१८६७ साली इलिनॉय राज्यातील मॉनमाउथ महाविद्यालयात काही विद्यार्थिनींनी जी संघटना स्थापन केली, ती आज पाय बीटा फाय या नावाने ओळखली जाते. १८७० मध्ये इंडियानातील ग्रीनकासल येथे कप्पा अल्फा थीटाची स्थापना झाली. तिच्या संस्थापिकांपैकी बेटी लॉक हिला एका पुरुष संघटनेचे पदक मिरवण्याची मुभा देऊ केली गेली होती, पण सदस्यत्व मिळणार नव्हते. तेव्हा तिने ते पदक नाकारून स्वतःची संघटना उभी केली, असे सांगितले जाते. 'सोरॉरिटी' हा शब्दही पुढे, सिरॅक्यूज येथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तिथे १८७४ मध्ये स्थापन झालेल्या गॅमा फाय बीटा या संघटनेसाठी सुचवलेला आहे. मॉनमाउथ प्रेस्बिटेरियन पंथाचे, तर ग्रीनकासल आणि सिरॅक्यूज मेथडिस्ट पंथाचे होते. तिथल्या मुलींनी आपल्या विधींसाठी शब्द शोधले तेव्हा ते घरातील, प्रार्थनेतील आणि रविवारच्या शाळेतील शब्द होते. कोणाला बाहेर ठेवण्यासाठी ते निवडले होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडची एखादी संस्था सभेची सुरुवात ईशस्तवनाने करते, तेव्हा तीही मुद्दाम कोणाला वगळत नसते. मात्र ते स्तवन कोणाचे, हा प्रश्न बाहेरून आलेल्यालाच पडतो. यांतील काही शब्द आजही उघडपणे दिसतात. गॅमा फाय बीटाचे ब्रीद बायबलमधील, खडकावर उभारलेल्या घराची आठवण देते, आणि सिग्मा सिग्मा सिग्माचे 'मरणापर्यंत विश्वासू' हे ब्रीद बायबलच्या नव्या करारातील शब्दांशी जुळते.

[दृश्य: न्यूयॉर्क, बर्नार्ड महाविद्यालयाचे फाटक, जुनी गटछायाचित्रे.]

वगळणे पुढे आले, आणि ते पुष्कळ ठिकाणी नियमांच्या रूपाने आले. ज्यू मुलींना बहुतेक घरांत, म्हणजे सोरॉरिटींत, प्रवेश नव्हता. १९०९ साली बर्नार्ड महाविद्यालयातील सात ज्यू विद्यार्थिनींनी अल्फा एप्सिलॉन फाय स्थापन केली. १९१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात कॅथलिक मुलींसाठी थीटा फाय अल्फा उभी राहिली, म्हणजे ख्रिस्ती असणेही तेव्हा पुरेसे नव्हते. १९१३ मध्ये हंटर महाविद्यालयातील दहा मैत्रिणींनी फाय सिग्मा सिग्माची स्थापना केली आणि सर्व धर्मांच्या मुलींना दार उघडे ठेवले. १९५३ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या विश्वस्तांनी वंश, वर्ण, धर्म, पंथ किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून सदस्य नाकारणाऱ्या सामाजिक संघटनांवर बंदी घातली, आणि ती न्यायालयातही टिकली. धर्माची अट हळूहळू कागदावरून गेली. विधी मात्र राहिले.

[दृश्य: पुन्हा ऑस्टिन. एका घराच्या दिवाणखान्यात संभाषणे; आवाज मिसळलेले.]

निवडीचा हा आठवडा फेऱ्यांमध्ये चालतो. पहिल्या फेरीत मुली अनेक घरांना भेट देतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत घरांची संख्या घटत जाते. मुली घरांना क्रम देतात, घरे मुलींना क्रम देतात, आणि रात्री संगणक दोन्ही याद्या जुळवतो. पडद्यावर जे दिसते आहे ते विलक्षण कौशल्याचे काम आहे. एक सदस्या बोलत असते, काही मिनिटांत दुसरी येऊन खांद्याला हलकेच स्पर्श करते, पहिली निघून जाते आणि संभाषणात खंड पडत नाही. विषयांचेही शिस्तबद्ध पथ्य आहे. इंग्रजीत 'ब'ने सुरू होणारे पाच विषय टाळायचे असतात: बॉइज, बूझ, बक्स, बॅलट आणि बायबल. मुले, दारू, पैसा, राजकारण आणि धर्म. सौजन्य म्हणून ही यादी वाईट नाही, पण ज्या मुलीला नेमके पाचव्या विषयाबद्दल विचारायचे आहे, तिच्यासाठी आठवडाभर विचारण्याची जागाच उरत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. शेवटची फेरी. पडदे ओढलेल्या खिडक्यांमधून मेणबत्त्यांचा उजेड.]

शेवटच्या फेरीला 'प्रेफरन्स' म्हणतात. गाणी थांबलेली असतात, आवाज खाली आलेले असतात. ही फेरी संपताच मुली एका करारावर सही करतात, आणि आमच्या मते या संपूर्ण आठवड्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. करारात लिहिलेल्या घरांपैकी एखाद्याने निमंत्रण, म्हणजे 'बिड', दिले आणि तिने ते नाकारले, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य निवडीपर्यंत सोरॉरिटींच्या राष्ट्रीय महासंघातील दुसऱ्या घरात तिला जाता येत नाही. १९०२ साली स्थापन झालेल्या या महासंघात देशभरातील सव्वीस संघटना आहेत. दीक्षाविधी काही आठवड्यांनी होतो, आणि एकदा दीक्षा झाली की या सव्वीसपैकी दुसऱ्या कोणत्याही संघटनेचे दार आयुष्यभरासाठी बंद होते. विधीत कोणते शब्द उच्चारायचे, ते शब्द देवाच्या साक्षीने आहेत का, आणि असतील तर कोणत्या देवाच्या, हे सहसा विधीच्या दिवशीच कळते.

[दृश्य: विद्यापीठाचा मनोरा. कॅमेरा खाली उतरतो आणि दर्शनी भागावरील कोरीव अक्षरांवर थांबतो.]

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवर बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील वचन कोरलेले आहे: तुम्हाला सत्य समजेल, आणि सत्य तुम्हाला मुक्त करील. हे शासकीय विद्यापीठ आहे. विद्यार्थी त्या अक्षरांखालून सायकली नेतात.

[दृश्य: रात्रीचे मैदान. दक्षिण आशियाई विद्यार्थिनींचे पथक, पायांचा ठेका.]

दुसरा मार्ग याच परिसरात निघाला. १९९८ मध्ये ऑस्टिन येथे कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टन येथे डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा रो, अशा तीन दक्षिण आशियाई संघटना एकाच वर्षात उभ्या राहिल्या. सेंट जॉन्स कॅथलिक विद्यापीठ आहे, हेही येथे नोंदवायला हवे. या संघटना धर्मावर आधारलेल्या नाहीत. पण दिवाळी म्हणजे काय, हे त्यांच्या दाराशी समजावून सांगावे लागत नाही, आणि आमच्या चित्रफितीतील मुलीची थोरली चुलत बहीण त्याच वाटेने गेली होती.

[दृश्य: बिड डे. लिफाफे उघडतात. धावणाऱ्या मुली, एकसारखे टी-शर्ट.]

या मुलीला मात्र मोठे, जुने घर हवे होते, आणि ते मिळाले.

[दृश्य: काही आठवड्यांनंतर. पांढरे पोशाख, बंद दार, हिरवळीवर फिरणारा पाण्याचा फवारा.]

विधीच्या आदल्या दिवशी तिने नव्या सदस्यांची जबाबदारी असलेल्या विद्यार्थिनीला विचारले. देवाचे नाव येते, पण एखाद्या ओळीला तुझे मन तयार नसेल तर त्या जागी गप्प राहा, कोणी पाहणार नाही, असे तिला सांगण्यात आले. सांगणाऱ्या मुलीचा हेतू चांगला होता. आत कॅमेऱ्याला प्रवेश नव्हता. वर्षभराची वर्गणी काही हजार डॉलर झाली, आणि पुढच्या वर्षी तिने सदस्यत्व सोडले.

[दृश्य: दार उघडते. पांढऱ्या पोशाखावर सोनेरी पदक. पायऱ्यांवर बसून फोन.]

"काय म्हणालीस गं आत?"

"ते सांगता येत नाही, आई."

[मूळ आवाज तसाच. फवारा. निवेदन नाही.]