नाव वाजवून घ्या

नमस्कार, श्रोतेहो. धानपट्ट्यातल्या माझ्या मासेमार भावांनो, बहिणींनो, आज बोलायचं आहे जुनी नाव विकत घेण्याबद्दल. पैसे देण्याआधी ती मरीन सर्व्हेअरला दाखवा. सर्व्हेअर म्हणजे शेताची मोजणी करणारा नव्हे. नाव तपासून लेखी अहवाल देणारा जाणकार.

आमच्या मच्छीमार संस्थेचीच गोष्ट ऐका. पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे पाणी अडलं आणि आमच्या डोंग्याच्या, म्हणजे छोट्या लाकडी होडीच्या, नदीचा समुद्रच झाला. वारा सुटला की लाटा उठतात, डोंगा टिकत नाही. म्हणून सभासदांनी पाच-पाच हजार काढले आणि आम्ही चौघं कोकणातून फायबरची जुनी नाव घेऊन आलो. ताजा निळा रंग होता. त्या रंगालाच भुललो. ट्रकभाडं धरून सव्वा लाख गेले.

पहिल्याच दिवशी नावेच्या मागच्या फळीला इंजिन लावून मध्यावर गेलो. मागं बसलेले काका ओरडले, “भाऊ, इंजिन नाही, फळीच हालून रायली!” इंजिन बंद करून वल्ह्यांनी काठ गाठला, तेव्हा घोटाभर पाणी आत आलं होतं. काकांना पोहता येत होतं, पण माझ्या भाच्याला येत नव्हतं. तो काठावर उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

पुढं ओळखीनं एक सर्व्हेअर आले. प्लास्टिकच्या हातोडीनं वीत-वीत अंतरावर ठोकत गेले. पुढून आवाज टणक. मागच्या फळीशी आले आणि आवाज बसला, भद्द, भद्द. उन्हाळ्यात माझी आई बाजारात माठ वाजवून बाजूला सारायची, तोच आवाज. इंजिनाचा बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी ठिबकलं. फायबरच्या आतलं प्लायवूड बोटानं चोळलं, तर भिजलेल्या ढेपेसारखं सुटलं. बोल्टाच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं, आणि वरून रंग. त्यांची फी आमच्या ट्रकभाड्याहून कमी होती.

 

तर, सर्व्हेअर आपण शोधायचा, फी आपण द्यायची. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. नाव पाण्याबाहेर काढून, कोरडी करून तपासायची. इंजिनाच्या गिअरचं तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. अहवाल लेखीच घ्या, त्यावर भावही उतरवता येतो. पुन्हा सांगतो, पैसे देण्याआधी. आणि विकणारा नाव पाण्याबाहेर काढू देत नसेल, तर इसार परत मागा आणि गावची गाडी धरा. नमस्कार.